दुसरं टेकाड

ताईच्या लशीची कुपी तपासायला प्रयोगशाळेत नेमकी धाकटीच्याच हाती आली. कुपीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. पण ताईचा आकडा तिला तोंडपाठ होता. खरं तर ती दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती. पण दुसरा तपासनीस रजेवर, आणि एक दिवसही दवडणं तिच्या जिवावर आलं होतं.

ताईच्याच कर्करोगाच्या गाठीतल्या खुणा घेऊन ही लस बेतलेली. त्या खुणांचे तुकडे पाण्यात सोडले की आपणहून एकमेकांना धरतात, त्यांचे अतिसूक्ष्म गोळे होतात आणि शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना शत्रू ओळखायला शिकवतात. मात्र सगळे गोळे एकाच मापाचे हवेत. यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात एकच टेकाड दिसलं पाहिजे. धाकटीला दोन दिसली. काही गोळ्यांचे गठ्ठे झाले होते. तिने पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. दोनच.

तिने कुपी नापास केली.

"सही करून टाकली असतीस तर?" भावजींनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"शिरेतून द्यायची असते, भावजी. गठ्ठे फुफ्फुसात अडकले असते."

"अडकलेच असते?"



नवी कुपी तयार व्हायला सहा आठवडे लागले. तेवढ्यात ताई अर्धी झाली. जन्मभर लोकांचे कपडे शिवणारी ती, आता स्वतःचेच झगे आत घेत बसायची. "उरलेल्या कापडात तुला झबलं शिवते गं," असं चिडवायची.

नवी कुपी उत्तम निघाली. पण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि चष्मा काढला. "लढणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत. शिकवायचं कोणाला?"

त्या संध्याकाळी धाकटी ताईच्या खाटेच्या कडेला टेकली. भावजींनी ताईला काही सांगितलं नव्हतं. पहिली कुपी आपणच नापास केली आणि आता नवीचा उपयोग नाही, हे तिने सांगितलं.

"तू बरोबरच केलंस, हे कळतंय मला," ताई म्हणाली. "तरी राग येतोय. जाईलसं वाटत नाही."

"मी जाऊ का?"

"जातेस कुठे? बस इथेच. पाय चेप."

ताई नवव्या दिवशी दुपारी गेली. भावजी तेव्हा औषधं आणायला बाहेर पडले होते. धाकटीने त्यांना फोन लावला. "बरं," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर ते तिच्याशी कधीच बोलले नाहीत.