घासणीचा ब्रश

"सर, हा ब्रश तुम्ही नक्की कशापासून बनवलात?"

विचारून टाकलं एकदाचं! शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणींनी, ढब्बूनं आणि चष्मिसनं, कोपरं मारमारून माझी बरगडी दुखवली होती. "विचार ना! की तंतरली?" असं चष्मिस पुटपुटली आणि मग मला राहवेना. गेल्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून पेनाचं टोपण चावत बसले असते.

सरांच्या डिजिटल पेंटिंगच्या क्लासात, मोठ्या पडद्यावर, सरांचा नवा ब्रशसंच, म्हणजे कम्प्युटरवर रंगवायच्या तयार ब्रशांचा संच, झळकत होता. त्यातला 'जुनी भिंत' नावाचा ब्रश ते फिरवून दाखवत होते. एक फटकारा मारला की पोपडे उडालेल्या भिंतीसारखा खरबरीत पट्टा उमटायचा. सगळे माना डोलवत होते, आणि माझं डोकं मात्र सणकलं होतं. कारण तो ब्रश माझा होता.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरते. भांडी घासायची तारेची घासणी शाईत बुडवून मी कागदावर दाबली, ठशाचा फोटो काढला आणि तोच ठसा ब्रशचं टोक म्हणून बसवला. पोत जमेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. घासणी काळी झाली म्हणून आईनं घर डोक्यावर घेतलं, ते वेगळंच. त्या ब्रशनं काढलेलं चित्र मी सरांना गृहपाठ म्हणून पाठवलं. सर म्हणाले, "ब्रशची फाईलही दे, बघतो जरा." मी हुरळून लगेच दिली!

आता सर म्हणत होते, "कशापासून म्हणजे? वर्षानुवर्षांचं निरीक्षण, बाळ. ओल खाल्लेल्या भिंतींसमोर मी तासन्‌तास उभा राहिलोय."

"सर, ती घासणी आहे."

"काय आहे?"

"घासणी. आमच्या घरातली. तिची एक तार गळासारखी वाकलेली आहे. तुमच्या पट्ट्यात तो गळ बघा, ओळीनं उमटलाय."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. गळच गळ! माझ्या ब्रशमध्ये ठसा प्रत्येक वेळी थोडा फिरतो, म्हणून तो गळ ओळखू येत नाही. सरांनी क्लासातल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये नुसतं ठशाचं चित्र उचलून टाकलं होतं, त्यामुळे रबरी शिक्का मारत सुटल्यासारखं दिसत होतं. ढब्बू खिंकाळली. सरांचे कान लाल झाले.

"असं? मग ये इकडे. या प्रोग्रॅममध्ये बनवून दाखव. सगळ्यांसमोर."

उठून गेले. ठशाचा फोटो फोनमध्ये होताच. तो चढवला, घरच्या प्रोग्रॅममधले आकडे आठवून जसेच्या तसे भरले, फटकारा मारला आणि पडद्यावर डांबर सांडलं!

"घाई नको," सर हाताची घडी घालून म्हणाले. मागून कुणीतरी "घासणी धुऊन आण" म्हणालं. सगळे हसले.

असा संताप आला म्हणून सांगू! पण संतापातच सुचलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये डिजिटल पेन हलकं टेकवलं की कागदाचा पोत वर येतो. इथे मात्र दाबलं की रेघ नुसती जाड होत होती. म्हणून मी आधी दाब आणि जाडी यांची फारकत केली. मग ब्रशच्या आत कागदाच्या पोताचा दुसरा ब्रश बसवला आणि दाब त्याला जोडला. शेवटी ठशाला गरगर फिरायला सांगितलं.

पुन्हा फटकारा मारला. हलक्या हातानं पोपडे उडाले, जोरानं दाबल्यावर गिलावा दाटला. गळ गर्दीत कुठेच दिसेना.

आणि मग सरांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या!

"शाब्बास! बघा, यालाच म्हणतात शिकवण. माझी विद्यार्थिनी आहे ही!"

मी पेन ठेवलं आणि जागेवर येऊन बसले.

क्लास सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "हा नवा ब्रशच संचात घालू. आणखी एका प्रोग्रॅमसाठीही करून दे. संचाच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर तुझे आभार मानतो."

"आभार? सर, ब्रश माझा आहे. नाव माझं टाका."

"संच माझ्या नावावर चालतो गं. आणि तुझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लिहायचंय ना मला? मग शहाण्यासारखं वाग."

घरी आले ती दप्तर आपटूनच. सगळं सांगितलं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "चूक त्यांचीच आहे. पण त्या कॉलेजात त्यांच्या शब्दाला वजन आहे, बाईसाहेब. एक ब्रश गेला तर गेला. पत्र मिळेपर्यंत गप्प बस."

"दुसरा बनवशील की," आई म्हणाली. "तुला काय, सुचतच असतं."

"हो, आणि तोही ते घेतील! मग तिसराही!" माझा आवाज चिरकला, पण मी थांबले नाही. "ऐका. क्लास मी सोडला. दोन्ही प्रोग्रॅममधला ब्रश मी आज माझ्या नावानं सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकतेय, कसा बनवला त्या माहितीसकट. कॉलेजलाही तेच पाठवणार."

"आणि पत्र?" बाबांनी विचारलं.

"शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडून घेईन. त्यांना कम्प्युटर चालू करता येत नाही, पण माझी चित्रं माझीच आहेत एवढं त्या नक्की लिहितील. त्यावर प्रवेश नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन. सरांचं पत्र मला नको. ठरलंय माझं."