कणकेनं मापलेलं इंजिन

माझ्या नवऱ्याचं नाव सत्याप्पा. नवऱ्याचं नाव तोंडातनं काढायचं न्हाय म्हणणाऱ्या बायका असतील, मी अक्काताई त्यातली न्हाय. नाव न घेता सांगायला बसले तर तुम्हाला कळणार कसं कोण मरणाच्या दारात गेलतं ते?

निपाणीत हायवेला लागून आमचं घर, पुढच्या अंगाला त्याचं गॅरेज. आणीबाणी उठली त्याच्या फुडच्या साली तंबाखूवाल्या श्रीपालनं त्याची फोक्सवॅगन आमच्या दारात आणून लावली. कासवागत पाठीची गाडी. इंजिन मागं, आन् त्यात पाण्याचा थेंब न्हाय, नुसत्या वाऱ्यावर गार व्हायचं. तवंदीचा घाट चढताना ती धापा टाकायची आणि मागनं ट्रकवाले हॉर्न मारून श्रीपालची अब्रू काढायचे. "सत्याप्पा, हिला घाटात पळवून दाव," म्हणला. मग सत्याप्पानं बेळगावात एका लेथवाल्याकडनं नवा क्रँक, म्हंजे पिस्टन वरखाली हलवणारा वाकडा आस, करून आणला, मूळच्यापेक्षा लांब हाताचा.

जेवताना सत्याप्पा मला सगळं सांगायचा. मला कळो न कळो, सांगायचा. क्रँकचा हात लांबला की पिस्टन खाली बी जास्त जातो आणि वर बी जास्त येतो. खाली मोकळं हाय, वर हेडचं छप्पर हाय.

"आन् छपराला थडाकला तर?" मी विचारलं.

"पिस्टनची दांडी मोडती. इंजिन जाम हुतंय, मागची चाकं जागच्या जागी धरत्यात."

"घाटात असं झालं तर?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "घाटात मग दरीच की."

एवढं बोलून गडी कोरड्यास भुरकत बसला. गाडी तयार झाल्यावर घाटात पहिल्यांदा चालवणार कोण, तर हाच!

पिस्टन-सिलिंडरचे दोन जोड आलते. गोव्याच्या जोडात सिलिंडर जाड भिंतीचे आणि पिस्टन बुटके, लांब क्रँकला जुळणारे, पण माप लहान. मुंबईचा जोड तोंडानं मोठा, भिंत पातळ, पिस्टन उंच. तो घालायचा तर सिलिंडरखाली पत्र्याच्या चकत्या घालून हेड वर उचलावं लागणार हुतं.

"अण्णा, गोव्याचा घालू," सत्याप्पा श्रीपालला म्हणला. "वाऱ्यावरचं इंजिन हाय. पातळ भिंत तापली की वाकडी हुती."

मोठं माप म्हंजे जादा ताकद, ते बघून श्रीपाल येडा झालता. "तू लई भितोस रं. चकत्या घालून जागा ऱ्हाती का बघ. ऱ्हायली तर मुंबईचाच घालायचा."

जागा बघायची त्यांची रीत अशी. पिस्टनच्या डोक्यावर मळलेल्या पिठाचा गोळा ठेवायचा, हेड आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि हेड परत काढायचं. पीठ दबून जेवढं जाड उरलं, तेवढी मधी जागा. ब्लेडनं कापून मापायची. आमच्यात रोज भाकरी, तवा गोळा कायम जोंधळ्याच्या पिठाचा जायचा. तो कशाचा हाय, हे कुणी कधी इचारलं न्हाय. बाप्यांना काय, पीठ म्हंजे पीठ.

नेमका त्या दिवशी बेंदूर हुता, बैलांचा सण. मी सकाळी पुरणाची कणीक मळली, तेल-पाणी लावून तिंबली, परातीत झाकली आणि शेजारच्या जोतिबाच्या बैलांस्नी नैवेद्य घेऊन गेले. परत येऊन बघते तर कणकेचा लचका तोडलेला. मांजराला चार शिव्या घातल्या आणि पोळ्या लाटायला बसले. सणाच्या दिवशी कुणाला सवड असती मांजर शोधायला?

दिवस कलल्यावर गाडीचा आवाज आला. नवाच आवाज, घशातनं काढल्यागत. "चल, तवंदी!" असं श्रीपाल वरडला. मी ताटं वाढून घेऊन बाहेर येस्तवर दारात नुसती धूळ.

ताटं ठेवायला गॅरेजातल्या टेबलावर जागा करताना ती चकती दिसली. ब्लेडनं कापलेली, पिवळसर, तेलकट. माझीच कणीक. मांजर कोण ते बी कळलं. सत्याप्पा न इचारता परातीला हात लावत न्हाय, श्रीपालच हात घालून गेलता. मी हसले, आन् हसता हसता ध्यानात आलं, ही जोंधळ्याची न्हाय.

आत पळाले. उरलेल्या कणकेची गोळी पाटावर ठेवली, वर तांब्या दाबला. कागदावानी पातळ झाली. तांब्या उचलला, तर आईच्यान सांगते, माझ्या डोळ्यांदेखत ती कणीक आकसून परत जाड व्हायला लागली. तिंबलेल्या कणकेला वढ असती. तशी वढ असती म्हणून तर पोळी फुटत न्हाय. जोंधळ्याचा गोळा दाबला की तिथंच मेला. म्हंजे त्यांनी मापली तेवढी जागा त्या इंजिनात नव्हतीच. गोव्याचा खोका टेबलाखाली तसाच हुता, त्या मापावर भरवसून मुंबईचा जोड बसवला हुता, आणि माझा नवरा ते इंजिन घेऊन घाटात गेलता.

चूल तशीच टाकून हायवेवर धावले. हातपाय पिठानं भरलेले, डोक्यावर पदर न्हाय. संकेश्वरची यष्टी आली तिच्या आडवी गेले. डायवर माझ्या माहेरचा भावकू निघाला, न्हायतर चिरडलेच असते.

"आक्का, मरायचंय व्हय?"

"घाटात गाडी हाण, भावकू. काय इचारू नगंस."

त्याच्या मागच्या बाकावर बसले आणि दांडी घट्ट धरली. घाट लागला. एकेक वळण आलं की मी दरीच्या अंगाला बघायची. झुडूप मोडलंय का, कठडा फुटलाय का, कासवागत पाठ कुठं उलटी पडलीया का. बघवत बी नव्हतं आणि डोळे मिटवत बी नव्हते. माझ्या शेजारची बाई मला पाणी देत हुती, दरी दिसंना म्हणून मी तिचा हात बाजूला सारला. देवा, एवढं वळण जाऊ दे. मग फुडचं वळण, की परत तेच.

घाटमाथ्यावर गाडी दिसली. चारी चाकं खाली. सत्याप्पा मागं इंजिनापाशी वाकून उभा. मी यष्टीतनं उतरले तेच मुळी रडत.

"वैनी!" श्रीपाल हसत फुडं आला. "काय पळतीया! एक ट्रक फुडं टिकला न्हाय. आता उतरताना बघा."

मी सांगितलं. कणीक, तांब्या, सगळं. श्रीपाल पोट धरून हसला. "बघ रं सत्याप्पा, तुझी बायको आता पिस्टन लाटाय लागली! अवो, काय हुणार असतं तर चढतानाच नसतं झालं?"

सत्याप्पा हसला न्हाय. माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

"चल, बस," श्रीपालनं चावी त्याच्या हातात दिली. "वैनीला बी मागं घे."

आन् सत्याप्पा दाराकडं वळला! मी त्याच्या मुठीतनं चावी हिसकली आणि कठड्यापल्याड भिरकावली. खाली झुडपात कुठं गेली ते त्या खंडोबाला ठावं.

"वैनी, डोस्कं फिरलं का तुमचं?"

"फिरलंय. जावा, हुडका जावा दरीत."

यष्टीतले लोक खिडक्यांतनं बघत हुते. श्रीपाल तांबडालाल झाला. सत्याप्पा एवढंच म्हणला, "उद्या वढून न्हेऊ, अण्णा." बेंदराचे बैल कोण जुंपतंय? दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं वढून आणली.

हेड उघडलं, सिलिंडर उपसले तवा मी दारातच उभी हुते. एका पिस्टनच्या डोक्यावर चांदीगत चकाकणारा डाग. हेडला घासून घासून पडलेला. दुसऱ्या पिस्टनची कड चेपलेली, तिसऱ्याच्या दांडीला केसागत चीर. श्रीपाल जवळ येऊन बघत ऱ्हायला. मग त्यानं गोव्याचा खोका सत्याप्पाकडं सरकवला आणि माझ्याकडं न बघता घरी गेला.

सत्याप्पा चिंधीला हात पुसत हुता.

"चढताना कायच आवाज आला न्हाय?" मी इचारलं.

"आलता."

"कवा?"

"पयल्याच वळणाला. टिकटिक करत हुतं. तापल्यावर वाढलं."

"मग वो?"

"अण्णा लई खुशीत हुता."

मी त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली. "आन् मी आले नसते तर? घाट उतरला असता तुम्ही?"

त्यानं जरा इचार केला. खोटं बोलायची त्याला सवय न्हाय.

"चावी दिलती की त्यानं हातात," म्हणला.

मी एवढी तोंडाळ बाई, सगळी आळी वळखती. आन् ह्याला मरणाला बी न्हाय म्हणता येत नव्हतं. यष्टीत बसून दऱ्या बघताना वाटलं न्हाय एवढं भ्या मला तिथं वाटलं, आमच्याच दारात, उन्हात. मी त्याचा तो काळा हात दोन्ही हातांनी धरला. फुडं रस्त्यावरनं ट्रक जात हुते, गिऱ्हाईक येऊन हाका मारत हुतं, तरी मला तो सोडवंना.