खिडकीतला थंड पाईप

घाबरू नका, धूर येणार नाही. मी एक पाईप आहे आणि आज नुसता बोलणार आहे. माझं तोंड आतून काळं आहे खरं, पण त्याची मला लाज नाही. तो माझा धंदाच होता.

एका झुडपाच्या मुळातून मला कोरलं. कारागिरानं इतकं घासलं, की दुकानातल्या काचेमागे मी स्वतःवरच खूश असायचो. तिथून मला चष्मेवाल्यानं उचललं. खाली त्याचं चष्म्यांचं दुकान, वर घर. घरात तो, त्याची बायको आणि एक व्हायोलिन.

संध्याकाळी दुकान बंद केलं की तो माझ्यात तंबाखू भरायचा, अंगठ्यानं हलकेच दाबायचा, चार झुरके घ्यायचा आणि मला खिडकीत ठेवून व्हायोलिन हनुवटीखाली धरायचा. तोंडात पाईप आणि हनुवटीखाली व्हायोलिन, हे काही जमत नाही. मी विझेपर्यंत वाजवायचं, मग मला पुन्हा पेटवायचं, असा त्याचा नेम. मला वाट बघायचा कधी कंटाळा आला नाही. बायको म्हणायची, "मला एक नाही, दोन सवती आहेत!" पण ऐकायला रोज दारात येऊन बसायची.

मग त्याला खोकला लागला. डॉक्टरांनी छाती तपासून मला बंदी घातली. घरी येऊन त्यानं मला बायकोच्या हातात दिलं. "कुठंतरी लपव. मी हातापाया पडलो तरी देऊ नकोस. आणि व्हायोलिनही राहू दे. याच्याशिवाय ते व्हायचं नाही."

बायकोचा चेहरा पडला. माझ्या धुरानं तो जाईल ही एक भीती, आणि सूर गेले तर उरेल तो माणूस आपला वाटेल का, ही दुसरी. तिनं मला फडक्यात गुंडाळलं आणि व्हायोलिनच्या पेटीत, राळेच्या खणात ठेवलं. "उघडलीच पेटी, तर दोघं समोर असाल," ती मला म्हणाली. "बघू कोणाला उचलतो."

त्यानं मला शोधायला घर पालथं घातलं. बुटांत पाहिलं, पिठाच्या डब्यात हात घातला. पेटीकडे मात्र फिरकला नाही. व्हायोलिनवर रुसलाच होता ना! मी आत अंधारात व्हायोलिनशेजारी पडून त्याची चिडचिड ऐकत होतो. फार वाईट वाटायचं. त्याच्या सगळ्या दुखण्याचं मूळ मीच होतो.

एके दिवशी बायको मटार सोलता सोलता त्याची आवडती धून गुणगुणू लागली. एका जागी चुकली. पुन्हा गायली, पुन्हा तिथंच चुकली.

"अगं, तसं नाही ते!"

"मग कसं?"

त्यानं गाऊन दाखवायला तोंड उघडलं आणि खोकल्यानं बेजार झाला. ती पुन्हा चुकीचं गाऊ लागली. शेवटी तो तणतणत उठला आणि त्यानं पेटी उघडली. खुंट्या पिळल्या, गजाला लावायला राळ शोधली, आणि हाताला मी लागलो.

मटार सोलायचा आवाज थांबला. त्यानं मला हुंगलं, दातांत धरलं. टेबलावर काड्यापेटी होती. मला तो हवा होता, आणि तो जगायलाही हवा होता.

तसंच मला तोंडात ठेवून त्यानं व्हायोलिन उचललं. माझी नळी लाकडाला अडली. तो क्षणभर थांबला. मग नेहमीसारखं मला खिडकीत ठेवलं, गज उचलला आणि वाजवायला लागला. हात जड झाले होते, सूर किरकिरले, पण बायको चुकायची ती जागा त्यानं अगदी बरोबर घेतली. ती मटारांच्या सालांवर मान खाली घालून रडली.

आता मी कायमचा खिडकीत आहे. मला घासूनपुसून कपाटात मात्र ठेवू नका, एवढंच मागणं. जुना वास आणि ही जागा मला पुरे आहे. आजही वाजवण्याआधी तो माझ्या रिकाम्या तोंडात अंगठा दाबतो. आतून बायको विचारते, "पेटला का?"

"पेटला!"

"मग करा सुरू."

आणि मी, थंडगार, त्याचं वाजवणं संपायची वाट बघत बसतो. ते लवकर संपू नये, असं आता मलाही वाटतं.