शिवकन्येची कानटोपी

मी कानटोपी बोलतेय. हसा खुशाल. परभणीच्या वैशाखात लोक डोक्याला ओला रुमाल बांधतात, आणि मी लोकरीची, विटकरी रंगाची, एका पोरीच्या डोक्यावर बसून कॉलेजात जायची.

मला विणलं पालमच्या मल्लम्मानं. तिची नात शिवकन्या लहानपणी कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली शिरायची. लोक म्हणाले, बाहेरचं असेल, अंगारा लावा. मल्लम्मानं सुया उचलल्या आणि कानांवर दुहेरी वीण घातली. म्हणाली, "पोरीला आवाज टोचायलेत. अंगाऱ्यानं कान झाकतेत व्हय?"

माझ्या आत बसून शिवकन्या परभणीत गणित शिकली, पहिल्या वर्षी वर्गात पहिली आली. कुणाच्या डोळ्यात बघायची नाही, कुणी हसलं म्हणून हसायची नाही. पोरी विचारायच्या, "स्वेटर कवा घालणार गं?"

एकदा एक डॉक्टरीणबाई स्वमग्नतेवर बोलायला आल्या. अशी मुलं कशी वागतात ते सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. टाळ्या वाजल्या तशी शिवकन्येनं मला दोन्ही हातांनी कानांवर दाबलं. शेजारच्या बाकावर बघा, असं काही वहीत लिहिलेलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत तिनं मान वर केली नाही, म्हणून गुण कापले. तिचे वडील मन्मथअप्पा म्हणाले, "औंदा नापास झालीस तर कॉलेज बंद. दुकानात बसायचं." दुकान पालमच्या एसटी स्टँडासमोर. दिवसभर हॉर्न.

मग लेखी पेपर. भरारी पथक आलं.

"डोक्यावर काय हाय? कानात कॉपीचं मशीन लपवलंय का?" साहेबांनी मला ओढलं, उलटं केलं, विणीत बोटं घातली. काही सापडलं नाही. "तरी बी ऱ्हाऊ द्या इकडं. नियम म्हंजे नियम."

सर, मला आवाज सोसत नाहीत, एवढंच तिला म्हणायचं होतं. वर पंखा कुरकुरत होता, कुणी पेनाचं टोपण वाजवत होतं. ती दोन्ही कान दाबून बसली. आता लिहायचं कोणत्या हातानं? उत्तरं येत होती हो तिला. पेपर कोरा गेला.

सुटल्यावर ती मला न्यायला ऑफिसच्या दारात आली. शिपाई लिंबाजीनं विचारलं, "काय पायजे, बाई?" ती फरशीकडं बघत राहिली. "तोंडात जीभ न्हाई का?" ती गेली. निकाल लागला, आणि अप्पा होस्टेलवरून तिची पेटी उचलून तिला घेऊन गेले.

मी अजून ऑफिसच्या कपाटात आहे, जप्त केलेल्या चिठ्ठ्यांखाली. कसर लागलीय, एका कानापाशी भोक पडलंय. मल्लम्मा आता नाही. ते भोक कोण सांधणार?

पालमला जाणारं कुणी असेल तर मला घेऊन जा. स्टँडासमोरच्या दुकानात ती कान दाबून बसलेली दिसेल. देताना तिला काही विचारू नका. मला तिच्यापुढं ठेवा आणि गुपचूप माघारी फिरा.