थंडी वाजलेली भेंडी

जावेच्या भावाच्या अकलेचं माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भावजींना, भारी कौतुक. परदेशी भेंडी पाठवायचा धंदा भावजींचा, निवडणीच्या टेबलावरच्या बायका माझ्या हाताखाली आणि हा मेहुणा कुणाच्याच हाताखाली नाही. काम काय करतोस विचारलं, तर म्हणायचा, "सल्लागार." आम्हीही त्याला सल्लागारच म्हणायचो, फक्त तोंड वाकडं करून.

परदेशातल्या गिऱ्हाईक मॅडमना भेंडी हवी होती सरळसोट, बोटाएवढी, बिनडागाची. सासू सुनेत काढणार नाही इतक्या खोडी आमच्या बायका भेंडीत काढायच्या. पहिली खेप पसंत पडली तर ऑर्डर पक्की आणि टेबलावरच्या सगळ्यांना हंगामभर काम. दोघी तर माझ्या शब्दावर हातातली कामं सोडून आल्या होत्या.

मॅडमनी एक छोटं यंत्र पाठवलं होतं. बटण दाबून ते भेंडीच्या खोक्यात ठेवायचं, म्हणजे माल किती गार राहिला ते टिपून ठेवतं. भेंडी उबली तर सडते, फार गारठली तर काळी पडते. यंत्राची जबाबदारी सल्लागाराने हट्टाने स्वतःकडे घेतली.

खेप पोचली आणि मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी एक भेंडी उचलून मोडली. कट्! इतका गोड आवाज की भावजी खुर्चीतच फुलले. मग मॅडमनी ते यंत्र आणि त्यातला आलेख दाखवला आणि म्हणाल्या, "निघायच्या आदल्या रात्री तुमचा माल चक्क गोठला होता."

भावजींनी घाईघाईने फोनचा माइक बंद केला. "वहिनी, शीतगृह बिघडलं होतं का?"

"छे! मी स्वतः बघितलंय. ठणठणीत होतं."

चहा घेऊन आलेली जाऊ फोनमध्ये डोकावली. "अगंबाई, हे डबडं? हे तर त्या रात्री आमच्या फ्रीजरमध्ये होतं!"

सगळे सल्लागाराकडे वळले. तो जराही बिचकला नाही. "आपल्या शीतगृहाचा काय भरवसा? मध्येच बंद पडलं असतं, तर यंत्राने चुगली केली असती. म्हणून बटण दाबून घरी नेलं आणि गाडी निघताना खोक्यात सरकवलं. जास्त थंड म्हणून कुणी नापास करतं का?"

"भावजी, खरं काय ते सांगून टाका," मी म्हटलं. "माल चांगला आहे, त्यांना समोर दिसतोय."

"म्हणजे मेहुण्याला परक्यांसमोर खोटारडा ठरवू?"

जाऊ त्यांच्याकडे एकटक बघत होती. त्या नजरेपुढे भावजींचं आजवर काही चाललेलं नाही. त्यांनी माइक सुरू केला.

"यंत्र पूर्ण वेळ मालासोबतच होतं ना?" मॅडमनी विचारलं.

"क्षणभरही हलवलं नाही," भावजी छातीठोकपणे म्हणाले.

मॅडम हळहळल्या. भेंडी दिसायला छान आहे, पण आतून दुखावली असणार, आज ना उद्या काळी पडणार, म्हणाल्या. ताजी मोडलेली हिरवीगार भेंडी अजून त्यांच्या हातातच होती! सगळा माल कचऱ्यात गेला, ऑर्डर दुसऱ्या कुणाला गेली, आणि आम्हाला शीतगृह दुरुस्त करून घ्यायचा सल्ला मिळाला.

बायकांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. काम सोडून आलेल्या दोघींपैकी एकीने विचारलं, "आमच्या निवडणीत काही खोट निघाली का?"

"नाही गं. आमच्या घरातल्या माणसाची लाज राखायला तुमचं काम घालवलं आम्ही," मी म्हटलं. संतापाने माझा आवाज फाटला होता. हातमोजे काढून तिने नीट घडी करून टेबलावर ठेवले आणि मैत्रिणीला घेऊन निघाली.

सल्लागार दारातच उभा होता. त्या दोघींना वाट करून देत तो समजुतीच्या सुरात मला म्हणाला, "ताई, माझी चूक माझ्या लक्षात आली आहे. पुढच्या वेळी यंत्र फ्रीजरमध्ये नाही ठेवायचं. खाली भाजीच्या कप्प्यात ठेवू."