पाचवं शील

भामाबाईनं नवऱ्याची दारू सोडवली हे अख्ख्या कुंडलला ठाऊक होतं, कारण तिनंच ते अख्ख्या कुंडलला सांगितलं होतं. धोंडीबाच्या बाटल्या तिनं उकिरड्यावर फोडल्या आणि दर पौर्णिमेला त्याला विहारात नेऊन पंचशील म्हणायला बसवलं. नशा न करण्याचं पाचवं शील आलं, की ती त्याला कोपरानं ढोसायची. तेव्हा तिच्या स्वतःच्या हिरडीत मिशरी दाबलेली असायची. पण मिशरी म्हणजे दात घासायचं. तिला नशा कोण म्हणतो? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

सत्त्याण्णव साली तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. सांगलीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "मिशरी आजपासून बंद. नाहीतर जबडा काढायची पाळी येईल."

"भाजल्याल्या तंबाखूत कसली आलीया नशा, डाक्टर?"

"मावशी, मिशरी लावली की मेंदूत एक रस सुटतो, त्यानं बरं वाटतं. तुमचा मेंदू त्याला चटावलाय. आता नुसता वास आला तरी तो मागत बसेल."

एकवीस दिवस तिनं कळ काढली. बाविसाव्या दिवशी सकाळी सून प्रियंकानं चुलीवर तवा ठेवला आणि तंबाखूचा करपट वास घरभर झाला. भामाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं, हात कापायला लागले. सुनेला झापायला म्हणून ती उठली आणि तव्यापुढं हात पसरून बसली.

"आत्या, नगं," सून रडकुंडीला आली. "मी परड्यात भाजाया पायजे हुती. पर मलाबी सुटंना वो."

नवी नवरी असताना दाढदुखीनं रडणाऱ्या या पोरीच्या हिरडीला पहिली चिमूट भामाबाईनंच लावली होती. ते आठवून तिला स्वतःची किळस आली. तरी हात मागं गेला नाही.

धोंडीबा उंबऱ्यात उभा होता. आता हा टोमणा मारणार, असं तिला वाटलं.

"भामे, दारू सोडली तवा माजंबी हात असंच कापायचं," तो म्हणाला. "तू सोंग म्हनायचीस."

तिनं चिमूट उचलली आणि चट्ट्यावरच दाबली.

पौर्णिमेला विहारात पाचवं शील आलं. धोंडीबानं ते मोठ्यानं म्हटलं. सासू-सून शेजारीशेजारी हात जोडून, तोंडं मिटून बसल्या होत्या.