माहिती आणि समजूत

खोक्यांच्या कारखान्याच्या शेठने आपल्या आत्याला कंपनीची दुसरी संचालक केलं, त्याचं कारण सरळ होतं. कंपनीला दोन संचालक लागत होते आणि आत्याला मोतीबिंदू होता. करसल्लागार कागद पुढे सरकवायचा, शेठ त्यावर बोट ठेवायचा आणि बोट असेल तिथे आत्या सही करायची. पाच वर्षं कंपनी अशी सुरळीत चालली.

गेल्या महिन्यात शेठने स्वतःच्या खर्चाने तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. चारचौघांत सांगितलंही. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला हे कळायला मात्र आजचा दिवस उजाडावा लागला.

आज विवरणपत्रं भरायचा शेवटचा दिवस होता. एक कंपनीच्या कराचं, दुसरं कामगारांच्या पगारातून कापलेल्या कराचं. पाचच्या आत पोचपावती बूट कंपनीला दाखवली नाही, तर तिची वर्षभराच्या खोक्यांची ऑर्डर हातची जाणार होती. चार वाजता शेठने बोट ठेवलं.

"बोट उचल," आत्या म्हणाली. "त्याच्याखाली काहीतरी लिहिलंय."

शेठने बोट उचललं. आत्याने वाचलं, "माझ्या माहितीनुसार आणि समजुतीनुसार हे सर्व खरे आहे. अरे, मला माहितीच नाही, तर समजूत कुठून येणार?"

"आत्या, ते नुसतं छापलेलं असतं गं."

"माझी सही छापलेली नसते ना?"

बत्तीस वर्षं पार्सल ऑफिसच्या खिडकीत बसून तिने लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं : आधी माल तपासा, मग सही करा. शेठने करसल्लागाराकडे पाहिलं. करसल्लागाराने छताकडे. छताला तसं काही झालेलं नव्हतं.

अशा रीतीने सव्वाचार वाजता कंपनीच्या संचालकांची पहिली सभा भरली. कागदोपत्री ती वीस वेळा भरली होती आणि दरवेळी आत्या जातीने हजर होती. शेवटची सभा झाली तेव्हा तर ती ऑपरेशनच्या टेबलावर होती.

"हे अकरा जण कोण?"

"आपले कामगार."

"यांच्या पगारातून कर कापलास?"

"कापला ना. कायदाच आहे."

"आणि भरलास?"

घोडं इथेच पेंड खात होतं. तीन महिन्यांचा कापलेला कर डिंकाच्या नव्या मशीनमध्ये गेला होता आणि कागदावर तो भरलेला होता.

"भरणारच आहे. जरा फिरवलाय, इतकंच."

"करावं तसं भरावं म्हणतात. तू कर कापलास आणि भरायचं विसरलास," आत्या म्हणाली. "माझ्या खिडकीवर आलेलं लोकांचं पार्सल मी फोडून खाल्लं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

शेठला राग आला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काचेपलीकडे डिंक लावणाऱ्या ताई दिसल्या. घरासाठी कर्ज हवं म्हणून त्यांनी कर कापल्याचा दाखला मागितला होता. कर भरल्याशिवाय तो निघत नव्हता आणि 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणत शेठने तीन आठवडे काढले होते. शेठला लाज वाटली.

मोटारीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याने कर भरला, उशिराच्या व्याजासकट. करसल्लागाराने घाम पुसत खरे आकडे घालून कागद नव्याने काढले. आत्याने ते ओळ न् ओळ वाचले, या वेळी स्वतःचं बोट फिरवत. एका ठिकाणी तिला शुद्धलेखनाची चूकही सापडली, पण वेळ बघून तिने ती सोडून दिली. पाचाला चार मिनिटं कमी असताना सही झाली आणि दोन मिनिटं कमी असताना पोचपावती आली.

आत्याने पेनाला टोपण लावलं. समाधानाने विचारलं, "डाव्या डोळ्याचं कधी करायचं म्हणतोस?"

करसल्लागाराने टेबलाखाली शेठचा पाय दाबला. शेठचं लक्ष काचेपलीकडे होतं.

"लवकरच करू," तो म्हणाला. "त्याआधी मागच्या पाच वर्षांचे कागद मला एकदा वाचू दे."